धन्य कोणास म्हणावे? : कविवर्य नारायण वामन टिळक यांचे चरित्र

मार्गशीर्ष सरत येतो, पहाटे गार वारा सुटतो, आणि आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर नाताळची चाहूल लागते. तोंडवली हे एका अंगास सिंधुसागर व दुसऱ्या अंगास खाडी असलेले, माडासुरूंच्या सावलीतले गाव. येथून मालवणाकडे, वेंगुर्ल्याकडे किंवा सावंतवाडीकडे जावे, तर वाटेत कोठे ना कोठे ख्रिस्ती घराच्या ओटीवर चांदणीचा कंदील लागलेला दिसतो, अंगणात गवताचा गोठा मांडलेला दिसतो. नेवऱ्या-दोदोलांचे ताट शेजारच्या हिंदू घरी जाते, जसे गणेशचतुर्थीला मोदकांचे ताट त्यांच्या घरी जाते. कोकणी ख्रिस्ती घरांत सायंकाळचा तेर्स आटोपला की मुले वडीलधाऱ्यांपुढे येऊन ‘बेसांव’ मागतात. बेसांव म्हणजे आशीर्वाद. दिवेलागणीला शुभंकरोती म्हणून आजीआजोबांच्या पाया पडणाऱ्या आपल्या मुलांहून हे दृश्य वेगळे वाटत नाही.

परंतु शेजाऱ्याच्या घरातला शब्द ओळखीचा वाटला, म्हणून त्याचा अर्थ आपल्याला कळलाच असे होत नाही. ख्रिस्ती माणूस जेव्हा आशीर्वाद म्हणतो, तेव्हा त्याला नेमके काय अभिप्रेत असते? धन, पुत्र, आरोग्य? की याहून निराळे काही? कीर्तनाच्या परिपाठाप्रमाणे आम्ही आधी शब्दाचे थोडे निरूपण करू व मग आख्यान लावू. आख्यान आहे ते याच कोकणच्या मातीत जन्मलेल्या, संस्कृतात मुरलेल्या आणि पुढे ख्रिस्ताचा भक्त झालेल्या एका मराठी कवीचे, म्हणजे कविवर्य नारायण वामन टिळक यांचे.

दोन शब्द : आशीर्वाद आणि धन्य

आपला ‘आशीर्वाद’ हा शब्द आशिस् व वाद या दोन पदांनी झाला आहे. आशिस् शब्दाच्या मुळाशी इच्छा करणे हा अर्थ आहे. ज्येष्ठाने कनिष्ठाचे शुभ इच्छावे व ती इच्छा वाणीने बोलून दाखवावी, तो आशीर्वाद. ख्रिस्ती धर्मग्रंथाचा उत्तरभाग, ज्याला नवा करार म्हणतात, तो मूळ ग्रीक भाषेत आहे. त्यात आशीर्वादासाठी ‘युलोगिया’ असा शब्द येतो. त्याचा अक्षरार्थ सु-वचन. येथपर्यंत दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात.

दुसरा शब्द ‘धन्य’. पाणिनीने चौथ्या अध्यायात या शब्दाची सिद्धी सांगितली आहे. ज्याला धन लाभते तो धन्य, असा तिचा सरळ आशय. आता पाहा, येशू ख्रिस्ताने गालील प्रांतातील एका डोंगरावर शिष्यांना जो उपदेश केला, त्याच्या आरंभी नऊ वेळा एकच शब्द येतो, आणि मराठी बायबलात त्यासाठी ‘धन्य’ हाच शब्द योजला आहे. तो शब्द कोणासाठी आला आहे? आत्म्याने जे दीन आहेत त्यांच्यासाठी, शोक करणाऱ्यांसाठी, सौम्यांसाठी, न्यायाची भूक लागलेल्यांसाठी, दयाळूंसाठी, निर्मळ अंतःकरणाच्यांसाठी, समेट घडवणाऱ्यांसाठी आणि धर्मासाठी छळ सोसणाऱ्यांसाठी. व्याकरणाने ज्याला धनवंत ठरवले, त्या शब्दाच्या आसनावर येशूने निर्धनाला बसवले. ख्रिस्ती आशीर्वादाचे सारे रहस्य या उलथापालथीत आहे.

संत पौलाने इफिस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या प्रारंभी हाच विचार आणखी उलगडला आहे. देवाने ख्रिस्ताच्या ठायी आपल्याला आत्मिक आशीर्वादांनी संपन्न केले आहे असे सांगून पौल त्यांची जणू यादी देतो. त्या यादीत शेतीवाडी नाही, गुरेढोरे नाहीत, राजमान्यता नाही. देवाने निवडणे आहे, पापांची क्षमा आहे, आणि देवाने आपल्याला दत्तक घेणे आहे. दत्तकाचा दृष्टान्त आपल्या वाचकांस सहज कळेल. दत्तक पुत्राने त्या घराण्यासाठी आधी काही कमावलेले नसते, तरी ज्या दिवशी त्याला मांडीवर घेतात, त्या दिवसापासून घराण्याचे नाव व वारसा त्याचा होतो. आत्मिक आशीर्वाद हा असा न कमावलेला वारसा आहे, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. हे निरूपण झाले. ते जगून पाहायला काय मोल पडते, ते टिळकांच्या चरित्रात दिसते.

पोरकेपण आणि विद्या

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव येथे झाला. ते गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि त्या काळी आपले मालवणही त्याच जिल्ह्यात मोडत असे. त्या अर्थाने टिळक आपल्याच जिल्ह्याचे. आई जानकीबाई शांत, भाविक, काव्याची आवड असलेली. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक व तापट. मुलाचा सगळा ओढा आईकडे. ती आई लहानपणीच गेली, आणि घरातून मायेचा हात नाहीसा झाला. मुलाने घर सोडले व तो नाशिकास गेला.

नाशिक क्षेत्री वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ या पोरक्या मुलाने संस्कृताचे अध्ययन केले. काव्य, पुराण, शास्त्र यांत त्याची बुद्धी विलक्षण वेगाने चालली. थोडे इंग्रजीही पदरात पडले. पुढे पुराणे सांगावीत, कीर्तने करावीत, कोठे शिक्षकी करावी, मन उठले की तेथून निघावे, असा त्यांचा क्रम चालला. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी, मनकर्णिकेशी, त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. याच लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहून मराठी भाषेला अक्षय ठेवा दिला. ते १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले.

लग्नाच्या मांडवात नवरीला आपण कोणता आशीर्वाद देतो? अखंड सौभाग्याचा, पुत्रपौत्रांचा, भरल्या घराचा. लक्ष्मीबाईंनाही तोच मिळाला असणार. परंतु संसार कसा झाला? पती एका गावी टिकत नाहीत, घरात पैसा राहत नाही, बाजारहाटासाठी दिलेले पैसे वाटेतल्या गरजवंताच्या हातात जातात. पहिली अपत्ये दगावली. १८९१ साली जन्मलेला दत्तू तेवढा जगला. मांडवातले आशीर्वाद आणि प्रत्यक्ष आयुष्य यांतले अंतर या माउलीने जितके सोसले, तितके थोड्यांच्या वाट्यास आले असेल.

याच सुमारास टिळक नागपुरास गेले. तेथे धनिक व विद्याप्रेमी आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. विद्वान म्हणून कीर्ती झाली. पण धर्माविषयीचे कोडे सुटेना. देव जर सर्वांचा पिता, तर माणसामाणसांत ही उच्चनीचता कशी? देशाला एकत्र बांधील असा धर्म कोणता? या प्रश्नांनी त्यांची झोप हरपली होती.

आगगाडीतील भेट

१८९३ च्या सुमारास राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असता आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. बोलणे काव्याकडून धर्माकडे वळले. त्या गृहस्थाने त्यांच्याशी आदराने चर्चा केली, नव्या कराराची एक प्रत दिली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. मात्र पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले व ते पाळले.

पहिली पाने त्यांना फारशी रुचली नाहीत. वाचता वाचता ते डोंगरावरील उपदेशाशी आले, आणि तेथे मात्र थबकले. धन्य कोण, याचे ते नऊ वेळा दिलेले उत्तर या व्युत्पन्न पंडिताच्या काळजात उतरले. शास्त्रचर्चेने न सुटलेली कोडी त्या प्रेमळ बोलांनी सुटू लागली असे त्यांनी पुढे सांगितले आहे. आम्हांस यात नवल वाटत नाही. आईवेगळा, घरावेगळा, गावोगाव हिंडणारा मनुष्य, जगाच्या हिशेबात ज्याला कोणी धन्य म्हटले नसते, त्याला प्रथमच कोणी सांगत होते की दीनाला देवाच्या राज्यात जागा आहे, आणि ती जागा विद्वत्तेने किंवा कुळाने मिळवायची नाही.

दोन वर्षे पत्रव्यवहार, वाचन व मनाची घालमेल यांत गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या पाद्र्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी धर्मोपदेशकाच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह होता. ख्रिस्त आपला, पण विलायती पेहराव आपला नव्हे, हे त्यांचे मत पहिल्या दिवसापासून पक्के होते.

आशीर्वादाची किंमत

येथे श्रद्धावान हिंदू घरातल्या वाचकाच्या मनात जी कळ उठेल, ती आम्ही जाणतो. ती झाकून हे चरित्र सांगता येणार नाही. टिळकांना जे मिळाले, त्याची किंमत लक्ष्मीबाईंनीही भरली. पतीने कळू न देता एवढा मोठा निर्णय घेतला होता. बातमी आली तेव्हा त्या माउलीवर आकाश कोसळले. सौभाग्य असून नसल्यासारखे झाले. लहानग्या दत्तूला पोटाशी धरून त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. काही काळ पंढरपूरक्षेत्री विठ्ठलाच्या पायांशी राहिल्या. सुमारे साडेचार वर्षे ही ताटातूट चालली. स्मृतिचित्रांत त्यांनी हे दुःख कोणताही आव न आणता, मध्येच स्वतःला हसत सांगितले आहे, त्यामुळे ते अधिकच लागते.

टिळकांची स्थिती याहून निराळी नव्हती. जातीने टाकले, आप्तांनी टाकले, विद्वानांच्या सभेतला मान गेला, पत्नी व पुत्र दुरावले. आशीर्वाद म्हणून जे जे आपण मागतो, ते ते त्यांच्या हातून निसटले होते. तरी या काळातही त्यांनी स्वतःला अभागी मानले नाही. ते पत्नीला पत्रे लिहीत राहिले, कविता पाठवत राहिले, वाट पाहत राहिले. तिने धर्म सोडावा असा हट्ट त्यांनी धरला नाही. अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास आल्या, तेव्हा त्यांचे सोवळेओवळे, वेगळी चूल, सारे टिळकांनी सांभाळू दिले. पुढे लक्ष्मीबाईंच्याच मनात विचार आला की, जाती देवाने केल्या की माणसाने? त्या विचाराचा शेवट त्यांनी आपल्या पायांनी गाठला, आणि १९०० साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला.

भागवतात कुंतीने श्रीकृष्णाजवळ विपत्ती मागितली, कारण विपत्तीत त्याचे दर्शन घडत होते. दुष्काळात व्यापार बुडाला, कुटुंबातली माणसे गेली, तरी तुकोबांनी दिवाळे निघाल्याबद्दल देवाचे उपकार मानले. या कथा ज्यांच्या घरी सांगितल्या जातात, त्यांना टिळकांचे मन परके वाटू नये. एक भेद मात्र प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. ख्रिस्ती भक्ताच्या दृष्टीने दुःख स्वतः आशीर्वाद नव्हे. क्रुसावर ज्याने अखेरचे दुःख सोसले, तो येशू त्या दुःखात सोबतीस आहे, ही खात्री म्हणजे आशीर्वाद. टिळकांची सारी श्रद्धा त्या एका व्यक्तीभोवती गुंफलेली होती.

मिळालेले वाटून देणे

बायबलाच्या जुन्या भागात अब्राहामाची कथा आहे. देवाने त्याला आशीर्वाद दिला, तो त्याने इतरांना आशीर्वाद व्हावे यासाठी. पेव भरून ठेवलेले धान्य किडते, पेरलेले वाढते. टिळकांच्या अहमदनगरच्या आयुष्यात हे तत्त्व उठून दिसते. ते धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत, ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे काम पाहत, ‘बालबोधमेवा’ मासिकातून मुलांसाठी लिहीत. दुष्काळाच्या त्या दिवसांत अनाथ मुलांना त्यांच्या घरात आसरा मिळाला. घर भाड्याचे, मिळकत तुटपुंजी, तरी पानावर आणखी एक मूल बसले नाही असा दिवस विरळा. मांडवात दिलेला पुत्रपौत्रांचा आशीर्वाद असा अनपेक्षित वाटेने फळास आला.

त्यांच्या आश्रयास आलेल्यांत एक तरुण कवी होता, त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच आपले बालकवी. टिळक पतिपत्नींनी त्याला पुत्रवत् सांभाळले. धर्म बदलण्याची अट त्यांनी घातली नाही. बालकवी हिंदूच राहिले, आणि टिळकांचे प्रेम उणे झाले नाही. घेणाऱ्याला बांधून ठेवते ते दान सावकारीच्या जवळ जाते. टिळकांचे दान तसे नव्हते.

त्यांचे मोठे दान मराठी भाषेस आहे. फुलामुलांचा कवी अशी त्यांची ख्याती झाली. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरची त्यांची कविता पिढ्यान्‌पिढ्यांनी शाळेत पाठ केली, आणि ती म्हणताना कवी कोणत्या धर्माचा हे कोणी विचारले नाही. ख्रिस्ती मंडळीसाठी त्यांनी शेकडो पदे व अभंग रचले. त्याआधी मराठी उपासनेत बरीचशी गीते इंग्रजी चालींवरची भाषांतरे असत. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगाच्या छंदात आणले, टाळ-वीणेच्या नादात आणले. अहमदनगर भागात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा आधीच घातली होती. टिळकांच्या पदांनी तिला बळ आले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी पोहोचलो असे ते म्हणत असत. जुन्या घराचा आशीर्वाद त्यांनी नाकारला नाही. तो सोबत घेऊनच ते नव्या घरात गेले.

देवाचा दरबार

१९१७ साली, वयाच्या पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरवले आणि साताऱ्यास बिऱ्हाड केले. तेथे ‘देवाचा दरबार’ या नावाने त्यांनी एक बंधुमंडळ उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, पाश्चात्त्य चालीरीतींचे ओझे कोणावर नसावे, असा त्यांचा संकल्प होता. मिशनमधील काहींना हे रुचले नाही, हिंदू समाजातील पुष्कळांना ते पटले नाही. फार थोडे लोक आले. जगाच्या दृष्टीने हा प्रयत्न फसला म्हणावा लागेल.

पण धन्य कोण, या प्रश्नाचे उत्तर ज्याने यशापयशावरून घेतलेच नव्हते, त्याला त्याची खंत किती असणार? सुखरूप पगार, मानाचे स्थान, जमलेली गृहस्थी हे सारे त्याने आपण होऊन खाली ठेवले होते. तरुणपणी जे हातून निसटले ते सोसणे वेगळे, आणि उतारवयात जे हाती आहे ते उघड्या मुठीने देणे वेगळे. आत्मिक आशीर्वादाचा हा दुसरा पाठ पहिल्यापेक्षा कठीण, असे आम्हांस वाटते.

९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. मागे इस्टेट म्हणावी अशी काही नव्हती. एक अपुरे महाकाव्य मात्र होते. येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी १९०९ साली हाती घेतलेल्या ‘ख्रिस्तायन’ या ग्रंथाचे दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. पुढचे बहुतेक सारे अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. लौकिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या, ज्या ख्रिस्तापायी एके काळी संसार मोडला म्हणून रडलेल्या त्या स्त्रीने पतीचा ग्रंथ पुढे नेला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही निवर्तल्या. जोडप्याला दिलेल्या कोणत्या आशीर्वादात एवढे मावले असते?

कीर्तनाच्या अखेरीस आपण पसायदान म्हणतो. ज्ञानोबांनी त्यात स्वतःसाठी काही मागितले नाही. दुर्जनांचे वाकडेपण सुटावे, जीवाजीवांत मैत्र जडावे, हे मागितले. ख्रिस्ती उपासनेच्या अखेरीस धर्मोपदेशक हात उंचावून मंडळीला आशीर्वचन देतो, त्यातही देवाची कृपा व शांती हीच मागितली जाते. दोन्ही ठिकाणी मागणाऱ्याची ओंजळ पुढच्यासाठी पसरलेली असते. सणाच्या दिवशी मुले आपल्यापुढे वाकली की आपण त्यांना परीक्षेतले यश, नोकरी, दीर्घायुष्य देतो. ते अवश्य द्यावे. पण त्याबरोबर मनातल्या मनात एवढेही म्हणावे की, बाळा, यातले काही न मिळाले तरी देव तुला परका होणार नाही, आणि जे मिळेल त्यात दुसऱ्याचा वाटा असू दे. टिळकांच्या चरित्रातून आम्ही घेतलेला प्रसाद तो हाच. सर्वांस नाताळ सुखाचा व कल्याणाचा होवो.